अखंड ज्योत विझली तर ती 'अखंड' राहते का?

ओसरी
घटस्थापना तोंडावर आली की दरवर्षी दोन प्रश्न फिरतात. एक, नऊ दिवस नंदादीप न विझता ठेवायचा कसा. दुसरा, विझलाच तर काय. पहिल्याची उत्तरं जाणकार देतीलच. दुसऱ्यासाठी हा धागा.

जगात 'शेकडो वर्षं न विझलेल्या' म्हणून सांगितल्या जाणाऱ्या ज्योती बऱ्याच आहेत. माझं मत असं की त्यातली खरोखर एकदाही न विझलेली ज्योत शोधायला गेलं तर हाती फार थोडं लागेल. सांभाळला जातो तो नियम. कोणी, कशाने, किती वाजता इंधन घालायचं आणि विझली तर कुठून आणायची, हा नियम. ज्योत त्याची खूण. पटत नसेल तर खोडून काढा, पण उदाहरणासकट.

रिकामटेकडा
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. विस्तवावर भाजलेले.

दख्खनी
अर्धं सहमत. नियमाबद्दल रोमपेक्षा स्पष्ट उदाहरण नाही. वेस्टा देवीच्या मंदिरातला अग्नी विझू नये म्हणून कुमारी पुजारिणी नेमलेल्या असत. एखादीच्या पाळीत तो विझला तर मुख्य पुरोहित तिला फटके मारी, आणि नवा अग्नी शुभ मानलेल्या झाडाच्या लाकडावर घर्षण करून काढत. दुसऱ्या जळत्या चुलीवरून आणलेला चालत नसे. गंमत म्हणजे हाच अग्नी दरवर्षी १ मार्चला, म्हणजे त्यांच्या जुन्या वर्षारंभी, विधिपूर्वक नवा करत. अपघाताने विझला तर राज्यावर संकट, ठरवून नवा केला तर सण! इसवी सन ३९४ च्या सुमारास सम्राट थिओडोसियसच्या काळात तो कायमचा बंद झाला.

म्हणजे 'कधीच विझू नये' असा नियम तिथेही नव्हता. 'आमच्या नकळत विझू नये' असा होता.

फुंकणी
आपल्याकडचं श्रौत (वेदोक्त) अग्निहोत्र घ्या, तिथे तर विझण्याची सोय ग्रंथातच करून ठेवली आहे. तीन अग्नी: गार्हपत्य (गोल कुंड), आहवनीय (चौकोनी) आणि दक्षिणाग्नी (अर्धगोल). कायम राखायचा तो मुख्यतः गार्हपत्य. सकाळ-संध्याकाळच्या होमाला त्यातूनच आहवनीयात अग्नी नेतात. मधल्या वेळात ज्वाला लागतच नाही, लागतो निखारा. गोवरी आणि भाताचं तूस घालून वर राख ओढली की तो आतल्या आत धुमसत राहतो.

गार्हपत्य विझला तर प्रायश्चित्त करून अरणीमंथन, म्हणजे लाकडावर लाकूड घुसळून नवा अग्नी काढायचा. खालची अरणी शमीवर उगवलेल्या अश्वत्थाची, तिच्या खळगीत मंथा (घुसळायचा दांडा) उभा धरायचा, वरून दाब द्यायचा आणि दोरीने घुसळायचं. मंथनात बिघडतं ते बहुतेक वेळा दोन कारणांनी: लाकूड पावसाळी हवेने ओलावलेलं असतं, नाहीतर खळगीच्या कडेला खाच नसल्याने काळी भुकटी एका जागी साठत नाही. ठिणगी पडते ती त्या भुकटीत, लाकडात नाही. ती लगेच कापसात किंवा नारळाच्या शेंडीत घेऊन फुंकायची.

आणि प्रवासाला जायचं तर 'समारोपण' करतात, म्हणजे अग्नी मंत्राने अरणीत, किंवा स्वतःतच, उतरवून घ्यायचा आणि मुक्कामी मंथन करून पुन्हा प्रकट करायचा. दिसणारी ज्वाला मधे शून्य. तरी अग्नी खंडित झाला असं मानत नाहीत.

ओसरी
@फुंकणी, हेच म्हणायचं होतं. आणि हा अग्नी पिढ्यान्‌पिढ्या चालतो असंही नाही ना?

फुंकणी
नाही. आधान, म्हणजे अग्नींची स्थापना, करतो तो गृहस्थ, पत्नीसह. तो गेला की त्याच अग्नींनी त्याचं दहन होतं आणि अग्नी तिथेच संपतात. पत्नी आधी गेली तरी तिला तेच अग्नी देतात. मुलाला हवं असेल तर त्याने स्वतःचं आधान करायचं. 'आमच्या घराण्यात हजार वर्षांचा अग्नी' हा दावा या चौकटीत बसतच नाही.

बोर्डीकर
आता खोडून काढतो. :)

गुजरातेतल्या उदवाड्याचा ईराणशाह, म्हणजे पारशांचा सर्वांत पूज्य अग्नी. पारशांची परंपरा सांगते की इराणहून येऊन गुजरात किनाऱ्यावर संजाणला उतरल्यावर प्रतिष्ठापना झाली, आणि तेव्हापासून तोच अग्नी. संजाण आक्रमणात पडल्यावर धर्मगुरू तो घेऊन बाहरोटच्या डोंगरातल्या लेण्यांत गेले. ही लेणी आपल्या पालघर जिल्ह्यात, डहाणू तालुक्यात, बोर्डी-घोलवडच्या मागच्या डोंगरात आहेत. तिथे बारा वर्षं, मग वांसद्याला चौदा वर्षं, मग नवसारी, सुरत, वलसाड असं करत १७४२ मध्ये उदवाडा. नियम महत्त्वाचा असता आणि अग्नी नुसती खूण असता तर जीव धोक्यात घालून अग्नी खांद्यावर नेण्याचं कारण काय? संकट टळल्यावर नवा पेटवला असता. विधी त्यांच्याकडे होताच.

त्यांच्यात अग्नीचे तीन दर्जे आहेत: आतश बेहराम, आदरान, दादगाह. सगळ्यात वरच्या आतश बेहरामसाठी सोळा ठिकाणचे अग्नी लागतात. कुंभाराचा, सोनाराचा, वीटभट्टीचा, चितेचा आणि विजेने पेटलेला, असे. प्रत्येक शुद्ध करायची पद्धत बघा: पेटत्या अग्नीवर थोड्या अंतरावर भोकं असलेली पळी धरायची, पळीत चंदनाची भुकटी आणि कपचे. खालच्या आचेनेच ते पेटले पाहिजेत, ज्वालेचा स्पर्श होता कामा नये. मग त्या नव्या अग्नीवरून पुन्हा तसंच. चितेच्या अग्नीला हे ९१ वेळा करतात. विजेचा अग्नी मिळायचा म्हणजे वीज पडून झाड पेटण्याची वाट बघत बसायचं. म्हणूनच आज भारतात आतश बेहराम फक्त आठ आहेत: चार मुंबईत, दोन सुरतेत, एक नवसारीत, एक उदवाड्यात. मुंबईतला सगळ्यात जुना दादीसेठ, १७८३ चा.

भातुकली
हा प्रतिसाद आवडला. वाचनखूण साठवली. पण रोज सांभाळतात कसा? लाकूड किती लागतं?

बोर्डीकर
मोठ्या धातूच्या कलशासारख्या पात्रात (आफरगान) राखेची जाड गादी असते, तिच्यावर निखारे. दिवसरात्रीचे मिळून पाच प्रहर, प्रत्येक प्रहराला 'बोई' चढवतात: लाकडाचे तुकडे आसनासारखे रचायचे, त्याला माची म्हणतात. सोबत घंटा आणि प्रार्थना. लाकूड चंदनाचं (सुखड) आणि रोजचा भार उचलायला बाभळीचं. बाभूळ जड, तिचा निखारा पुढच्या प्रहरापर्यंत टिकतो. नुसतं चंदन महाग पडेल आणि भराभर जळेल. तोंडावर 'पदान' म्हणजे पांढरं फडकं बांधतात, श्वास किंवा थुंकी अग्नीवर जाऊ नये म्हणून. ईराणशाहची पाळी संजाणा धर्मगुरूंच्या नऊ कुटुंबांत फिरते. आत बिगरपारशांना प्रवेश नाही, तेव्हा वजनकाटा घेऊन कोणी मोजायला जाऊ नका.

दख्खनी
@बोर्डीकर, उदाहरण जबरदस्त आहे, पण परंपरेचा दावा आणि सिद्ध झालेली सलगता यात फरक आहे. लेण्यात काढलेल्या बारा पावसाळ्यांत काय झालं याची नोंदवही कोणाकडे नाही.

बोर्डीकर
मान्य. पण ओसरींनी विचारलं होतं जपतात काय? अग्नी की नियम? इथे उत्तर अग्नी असंच आहे. सलगता सिद्ध करायचा प्रश्न बाहेरच्यांचा.

चिमटा
जपानमधलं एक उदाहरण दोन्ही बाजूंना पुरेल. क्योटोजवळच्या हिएई डोंगरावर एन्र्याकुजी मठात 'अविझ धर्मदीप' आहे, मठाचा संस्थापक साइचो याच्या काळापासूनचा, सुमारे १२०० वर्षांचा म्हणतात. मोहरीच्या जातीच्या बियांचं तेल रोज घालतात. पण १५७१ मध्ये ओदा नोबुनागा या सरदाराने अख्खा मठ जाळला. दिवाही गेला. तरी आज आहे, कारण याच दिव्यावरून आधीच लावून नेलेली ज्योत उत्तरेकडे यामादेराच्या देवळात तेवत होती. तिच्यावरून परत आणली.

मूळ जागची ज्योत विझली, वंश विझला नाही. बॅकअप घेऊन ठेवा, एवढंच सांगायचं.

रिकामटेकडा
म्हणजे नवरात्रात शेजाऱ्यांच्या घरी एक कॉपी सेव्ह करून ठेवायची.

चिमटा
हसू नका. माचिस महाग होती तेव्हा खेड्यात हेच चालायचं. रात्री चुलीतला निखारा राखेत पुरायचा आणि सकाळी मेला असेल तर शेजारून गोवरीवर विस्तव आणायचा.

हायड्रोकार्बन
सगळे माणसांनी राखलेल्या अग्नीवर बोलताय, जमिनीतून आपोआप येणाऱ्यांचं काय? कांगड्याची ज्वालामुखी देवी: मूर्ती नाही, खडकाच्या फटींतून येणारा नैसर्गिक वायू जळतो. नेपाळात मुक्तिनाथजवळ ज्वालामाईच्या देवळात पाण्याच्या झऱ्यालगत निळी ज्योत आहे. तुर्कस्तानात यानारताशला डोंगरउतारावर डझनावारी ज्वाला दोन हजारांहून जास्त वर्षांपासून नोंदलेल्या आहेत.

पण 'आपोआप' म्हणजे 'कायम' नव्हे. अझरबैजानमध्ये बाकूजवळ सुराखानीचं आतेशगाह हे अभ्यासण्यासारखं प्रकरण. तिथे हिंदुस्थानी व्यापारी नि साधू राहत. भिंतींवर देवनागरी आणि गुरुमुखी शिलालेख आहेत, एकाची सुरुवात 'श्री गणेशाय नमः' अशी, संवत १८०२ चा, म्हणजे १७४५. आजूबाजूला तेल-वायूचा उपसा वाढला, जमिनीखालचा दाब उतरला आणि १९६९ मध्ये नैसर्गिक ज्वाला थांबली. आज तिथे जळतो तो पाइपने आणलेला वायू. पर्यटकांना तेवढाच रस.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात एका लहान धबधब्याच्या मागे अशीच ज्योत आहे. पाण्याच्या फवाऱ्याने, वाऱ्याने विझते. मग फिरायला आलेलं कोणीतरी लायटरने पुन्हा लावतं. वायू सतत, ज्योत अधूनमधून.

ओसरी
म्हणजे तिथे नियमही नाही आणि न विझणारी ज्योतही नाही, फक्त इंधन अखंड. माझ्या मांडणीत हा तिसरा प्रकार नव्हता.

पाईपलाईन
स्मारकांच्या ज्योतींवर कोणीच लिहिलं नाही, म्हणून.

इंडिया गेटची अमर जवान ज्योती २६ जानेवारी १९७२ ला इंदिरा गांधींच्या हस्ते सुरू झाली. चार कलश, रोज तेवायचा एक, २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला चारही. २००६ पर्यंत एलपीजी सिलिंडरवर चालायची, एका सिलिंडरवर एक बर्नर साधारण दीड दिवस. त्यानंतर पाइपचा गॅस आला. २१ जानेवारी २०२२ ला तिथली ज्योत राष्ट्रीय युद्ध स्मारकाच्या ज्योतीत विलीन केली.

सिलिंडरवर अखंड ज्योत चालवताना खरा धोका बदलीच्या वेळी. म्हणून दोन सिलिंडर एका जोडनळीवर लावतात, एक चालू असताना दुसरा तयार, आणि मधला व्हॉल्व्ह दाब उतरला की बाजू बदलतो. थंडीत अजून एक गोष्ट: सिलिंडरमधला द्रव वाफ होताना स्वतः गार होतो, दाब पडतो, बर्नर मोठा असेल तर गॅस शिल्लक असूनही ज्योत बसते. एकाच्या जागी दोन सिलिंडरमधून एकदम ओढ घेतली की हा त्रास कमी होतो.

एलपीजीवरून पाइपच्या गॅसवर जाताना जेट (बर्नरला गॅस सोडणारं भोक) बदलावाच लागतो. त्याच आकारमानात एलपीजीत उष्णता जवळपास अडीच पट, म्हणून त्याचा जेट बारीक. तोच ठेवला तर ज्योत मरतुकडी होते. उलट केलं, म्हणजे पाइपच्या गॅसच्या मोठ्या जेटला एलपीजी दिला, तर भडका आणि काजळी. आणि घरच्या शेगडीसारखी निळी ज्योत स्मारकाला कुचकामी, उन्हात दिसतच नाही. तिथे मुद्दाम हवा कमी देऊन पिवळी ज्योत घेतात. तिचा पिवळेपणा तापलेल्या कार्बनकणांचा, त्यामुळे काजळी ओघानेच आली, तोंड नियमित साफ करावं लागतं.

दख्खनी
पॅरिसच्या विजयकमानीखालची, अज्ञात सैनिकाच्या समाधीवरची ज्योत ११ नोव्हेंबर १९२३ ला लावली, युद्धमंत्री आंद्रे माजिनोने. तिथे रोज संध्याकाळी साडेसहाला 'पुनःप्रज्वलन' होतं. ज्योत विझलेली नसतेच, तरी रोज ती पेटवण्याचा विधी. पुन्हा नियमच. @ओसरी, तुमच्या बाजूला एक गुण.

आणि रशियात बोर्डीकरांच्या बाजूला एक: लेनिनग्राडच्या मार्स मैदानावरची ज्योत १९५७ मध्ये किरोव्ह कारखान्याच्या भट्टीतून पेटवून आणली, आणि तिच्यावरून नेऊन १९६७ मध्ये मॉस्कोच्या अज्ञात सैनिकाच्या समाधीवरची. माचिस नव्हती म्हणून नाही. कुठून आली याला अर्थ होता.

पाईपलाईन
विझण्याचा विषय निघालाच आहे तर अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या आर्लिंग्टन दफनभूमीतल्या समाधीवरची ज्योत. नोव्हेंबर १९६३ मध्ये घाईने उभारलेली, आणि त्याच डिसेंबरात शाळकरी मुलं पवित्र पाणी शिंपडत असताना बाटलीचं झाकण निघालं, पाणी ओतलं गेलं आणि ज्योत विझली. लगेच पुन्हा लावली. नंतरच्या कायमच्या बांधणीत बर्नरच्या तोंडाशी विजेची ठिणगी ठेवली, म्हणजे वाऱ्यापावसाने विझली तरी पुढच्या क्षणी पेट घेते. अभियंत्याच्या लेखी 'अखंड' म्हणजे हेच: विझणार हे धरून चालायचं आणि विझलेला वेळ सेकंदाच्या आत आणायचा.

भातुकली
ऑलिंपिकचंही असंच ना? मॉन्ट्रिअल १९७६ ला पावसाने विझली, एका कर्मचाऱ्याने सिगारेटच्या लायटरने लावली, मग आयोजकांनी ती परत विझवून ऑलिंपियाहून आलेल्या राखीव ज्योतीवरून लावली.

चिमटा
हो, आणि ती राखीव ज्योत खाणकामगारांच्या कंदिलासारख्या बंद दिव्यात असते. पुन्हा बॅकअप.

गोधडी
सगळं वाचलं, छान आहे. पण धागा पॅरिस-मॉस्को फिरून आला आणि घटस्थापना परवावर आली. नऊ दिवस दिवा कसा टिकवायचा ते कोणी सांगणार का?

कोष्टी
सांगतो, क्रमाने.

तेल किती: साध्या जाडीच्या वातीला ताशी साधारण ४ ते ६ मिली. ५ धरले तर दिवसाला १२०, नऊ दिवसांना १०८० मिली. सव्वा ते दीड लिटर आणून ठेवा. नक्की हवं असेल तर भरलेला दिवा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजा, तासभर तेवू द्या, विझवून परत मोजा. जितके ग्रॅम कमी, तितकी ताशी खपत. ही चाचणी घट बसायच्या आधी करायची, हे सांगायला नको.

कोणतं तेल: तीळ किंवा शेंगदाणा. करडई, सूर्यफूल ही तेलं हवेने आणि उष्णतेने लवकर चिकट होतात, तिसऱ्या-चौथ्या दिवशी वातीत डिंकासारखा थर धरतो आणि तेल चढेनासं होतं. एरंडेल नुसतं वापरू नका, दाट असल्याने वातीतून वर येतच नाही. खोबरेल २४ अंशांच्या खाली गोठतं. तळणाचं उरलेलं तेल तर मुळीच नको, त्यातल्या कणांनी वात चोंदते.

वात: समईच्या बारीक वातीपेक्षा तीन-चार एकत्र वळून जाड आणि हातभर लांब, उरलेली तेलात गुंडाळून ठेवायची. आधी रात्रभर तेलात भिजवा. टोक तोंडाबाहेर ४-५ मिलिमीटर, जास्त काढलं की धूर. जाड वातीला तेल थोडं जास्त लागतं, ते वरच्या हिशेबात धरा.

सगळ्यात जास्त दिवे विझतात ते तेल संपून नाही, पातळी खाली गेल्याने. दाट तेल वातीतून दोन-तीन सेंटीमीटरच नीट चढतं. म्हणून खोल कटोऱ्यापेक्षा पसरट दिवा बरा, पातळी हळू उतरते. दर चार तासांनी थोडं थोडं घाला, कडेने, आणि खोलीच्या तापमानाचं. झोपायच्या आधी काठोकाठ.

गोधडी
तूप चालेल का? फुलवात घेतली तर?

कोष्टी
चालतं, पण फुलवात नऊ दिवसांसाठी नाही. ती उभी असते, पुढे सरकवता येत नाही, जळून संपली की संपली. तुपाला आडवी लांब वातच घ्या. तूप ज्योतीजवळ वितळलेलं आणि मागे थिजलेलं राहतं, पहाटे गारठ्यात वात उपाशी मरते. दिवा पितळेचा घ्या, धातूतून उष्णता मागेपर्यंत जाते. मातीच्या पणतीत हा त्रास जास्त, शिवाय तेल पाझरतं.

भातुकली
काजळी झाडताना विझते त्याचं काय करायचं?

कोष्टी
झाडायच्या आधी त्याच तेलात दुसरी वात घालून जुनीवरून पेटवून घ्या. ती स्थिर झाली की मग जुनीची काजळी चिमट्याने काढा. फुंकायचं नाही, बोटाने झटकायचं नाही. नवी वात आणायचीही हीच रीत. ज्योत क्षणभरही जात नाही. बाजूला छोटा साक्षीदीप ठेवला तर @चिमटा यांचा बॅकअपही झाला.

काचेची चिमणी वापरत असाल तर खालून हवा येऊ द्या. तळाशी बंद असेल तर ज्योत आधी लांब, धुरकट होते आणि मग जाते. लोक समजतात तेल वाईट.

पाईपलाईन
सुरक्षेचं जोडतो. दिवा पितळी परातीत, परातीत वाळूचा थर, पडदा-कापूर-काडेपेटी हाताच्या अंतराबाहेर. पंख्याच्या झोतात नको, एसीच्या बंद खोलीत तर नकोच. कटोऱ्यातल्या अख्ख्या तेलाने पेट घेतला तर पाणी ओतू नका. पाणी तळाशी जाऊन एकदम वाफ होतं आणि जळतं तेल उडवतं. वर ताट झाका, बस. म्हणून पातेल्याचं झाकण शेजारीच ठेवायचं.

परदेशात भाड्याच्या घरांत उघड्या ज्योतीला करारातच मनाई असते, ते आधी वाचा. धुराचा अलार्म काढून ठेवणं हा उपाय नव्हे.

रिकामटेकडा
एलईडी दिवा लावा, वीज गेली तर महावितरणला प्रायश्चित्त.

दख्खनी
हलके घेतलं, पण ज्यू प्रार्थनास्थळांतला अखंड दिवा आज बऱ्याच ठिकाणी विजेचाच आहे. तिथे कोणाला खटकत नाही.

ओसरी
मूळ मुद्द्यावर: बोर्डीकरांचं म्हणणं मी एका मर्यादेत मानते. ईराणशाह आणि हिएईला अग्नीची ओळख, त्याचा वंश महत्त्वाचा. रोम, अग्निहोत्र, पॅरिस इथे पद्धत. घरचा नंदादीप दुसऱ्या गटातला, कारण तो आपण दरवर्षी काडेपेटीनेच लावतो आणि दसऱ्याला उठवतो. तेव्हा मधे विझला तर घाबरून 'अशुभ' वगैरे करण्यापेक्षा परत लावावा, कारण शोधावं.

बोर्डीकर
नंदादीपाबद्दल पूर्ण सहमत. बाहरोटबद्दल नाही. :)

फुंकणी
विझल्यावर परत लावताना घरोघरी देवापुढे नमस्कार करून थोडा जप करतात, तेवढं पुरे. कडक प्रायश्चित्त श्रौत अग्नीला, नंदादीपाला नाही.

गोधडी
@कोष्टी, धन्यवाद. शेवटचं: तिळाचं तेल घाण्याचं घ्यायचं की बाटलीतलं रिफाइंड? घाण्याच्या तेलात तळाशी गाळ दिसतोय.

कोष्टी
घाण्याचं चालेल, पण दोन दिवस न हलवता ठेवा, वरचं नितळ तेल फडक्यातून गाळून घ्या आणि तळचं दोन बोटं तेल दिव्यात घालू नका. गाळात पाण्याचा अंश असतो, त्यानेच ज्योत तडतडते.